विचारायची भीड



गेल्या वर्षीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गात मी फळ्यावर एक म्हण लिहिली : 'भीड भिकेची बहीण.' मग विचारले, "या म्हणीचा अर्थ कोण सांगेल?" वर्गात शांतता पसरली. थोड्या वेळाने शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "मॅडम, जिथे भीड असते तिथे भिकारी पण असतात. स्टेशनवर, जत्रेत, उरुसात. म्हणून भीड आणि भीक बहिणी बहिणी."

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आले. पण त्या मुलाचे मला कौतुक वाटले. तो चुकला होता, पण विचार करून चुकला होता. आपल्या उर्दूत 'भीड' म्हणजे गर्दी. मराठीत मात्र 'भीड' म्हणजे संकोच. मनातली गोष्ट दुसऱ्याला सांगताना जी लाज वाटते, जीभ अडखळते, ती भीड. जो माणूस संकोचामुळे वेळेवर बोलत नाही, स्वतःच्या हक्काचेही मागत नाही, त्याच्यावर शेवटी भीक मागण्याची पाळी येते, असा त्या म्हणीचा अर्थ आहे.

त्यानंतर मी सर्वांना कागदाची एकेक चिठ्ठी दिली आणि सांगितले, "नाव लिहू नका. 'भीड' या शब्दाचा अर्थ तुम्हांला आधी काय वाटला होता, एवढेच खरे खरे लिहा." चिठ्ठ्या उघडून पाहिल्या. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता : गर्दी. म्हणजे जे हसले, त्यांतल्या बहुतेकांना तरी कोठे अर्थ माहीत होता? पण उभा राहिला तो एकटाच. बाकीचे गप्प बसले, आणि गप्प बसल्यामुळे हुशार ठरले!

हा प्रकार तुमच्या वर्गातही रोज घडत असेल. मी शिक्षिका आहे, म्हणून मला तो समोरून दिसतो. "समजले का?" असे मी विचारते आणि सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. त्या 'हो'मध्ये खरे 'हो' किती आणि भीतीचे 'हो' किती, हे शिक्षकाला पुष्कळ वेळा कळते. जे 'हो' खोटे असते, ते म्हणताना मुले पुस्तकात पाहतात.

ही भीती कशाची असते? प्रश्नाची नसते, हसण्याची असते. आपण उर्दू माध्यमाची मुले मराठीत बोलायला लागलो की आणखी एक भीती तिला येऊन मिळते. उर्दूत शब्दांची लिंगे दोन, मराठीत तीन. 'किताब' स्त्रीलिंगी, पण 'पुस्तक' नपुंसकलिंगी. मग 'माझी पुस्तक' की 'माझे पुस्तक'? 'ळ' नीट उच्चारला गेला का? एवढा हिशेब मनात चालू असतो. तो पूर्ण होईपर्यंत विचारायची वेळ निघून जाते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या बाबतीत घडलेले सांगते.

मी मालेगावची. आमच्या मोहल्ल्यात दिवसरात्र यंत्रमागांची खडखड चालू असते. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा ती शांतताच कानाला वेगळी वाटते. माझे अब्बा मागावर काम करीत. जेवढे कापड निघेल तेवढी मजुरी. २००५ साली मी दहावी पास झाले आणि अकरावीला प्रवेश घेतला. तेथील सूचना मराठीत असत. जून महिन्यात फलकावर एक सूचना लागली. फीची सवलत पाहिजे असेल त्यांनी अर्जासोबत 'उत्पन्नाचा दाखला' जोडावा, मुदतीनंतर अर्ज घेतले जाणार नाहीत, असे तीत लिहिले होते.

'अर्ज' मला समजला. 'मुदत'ही समजली. 'उत्पन्न' हा शब्द मला माहीत नव्हता. 'दाखला' मात्र चांगलाच माहीत होता, असे मला वाटले. आपल्याकडे 'दाखिला' म्हणजे शाळेतील प्रवेश. तो तर मला मिळाला होता! तेव्हा हा कोणता तरी दुसरा प्रवेश असेल, तो आपल्याला नको, असे मी मनाशी ठरवले. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र, आणि 'उत्पन्नाचा दाखला' म्हणजे घरची कमाई किती आहे याचे सरकारी प्रमाणपत्र, हे मला कोण सांगणार?

सांगणारे होते. फलकापासून दहा पावलांवर कार्यालयाची खिडकी होती. खिडकीत कारकून बसले होते आणि त्या वेळी तेथे कोणीही नव्हते. मी तेथपर्यंत गेले. मनात वाक्य जुळवू लागले. 'उत्पन्नाचा दाखला म्हणजे काय असते?' की 'काय असतो?' तेवढ्यात माझ्या मागे तीन मुली येऊन उभ्या राहिल्या. त्या आपसात भराभर मराठी बोलत होत्या. मी चुकीचे बोलले तर या हसतील, असे मला वाटले. मी पाण्याच्या नळाकडे वळले, जणू मला तहानच लागली होती, आणि तशीच घरी गेले.

पुढे मुदत संपली. माझा अर्ज दाखल्याशिवाय होता. तो परत आला. पूर्ण फी भरावी लागली.

ती फी कोठून आली, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. माझी थोरली बहीण, आपा, आठवीनंतर घरी बसली होती. ती मोहल्ल्यातल्या एका बाईकडे जाऊन कपडे शिवायला शिकली. हात चांगला बसला होता. अम्मीने भिशीत पैसे टाकून तिच्या शिलाई मशीनसाठी रक्कम जमवली होती. त्या महिन्यात भिशी उघडली आणि ते पैसे माझ्या फीमध्ये गेले. आपाला मशीन मिळाले ते दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांत ती दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या वेळेने, अर्ध्या मजुरीवर शिवत राहिली.

घरी कोणी मला रागावले नाही. सवलत मिळाली नाही, एवढेच मी सांगितले. का मिळाली नाही, हे सांगितले नाही. अनेक वर्षांनी, मी बी. एड. होऊन नोकरीला लागल्यावर, आपाला खरी हकीकत सांगितली. ती शिवता शिवता थांबली. म्हणाली, "पूछने में क्या जाता था, पगली?" आणि पुन्हा मशीन चालवू लागली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

आता माझे म्हणणे काय, ते ऐका. त्या दिवशीचा सगळा दोष त्या सोळा वर्षांच्या मुलीचा होता, असे मी मानत नाही. सूचनेत आणखी एक ओळ सोप्या भाषेत लिहिली असती तर कोणाचे काही बिघडले नसते. पण ती ओळ लिहिणे माझ्या हातात नव्हते. दहा पावले चालणे मात्र माझ्या हातात होते. मी तीही चालले होते! राहिले होते फक्त एक वाक्य.

काही मुले म्हणतात, "मॅडम, आमच्या घरी शिकवले आहे की कोणापुढे हात पसरायचा नाही." हे शिकवणारे आईबाप चुकीचे सांगत नाहीत. खुद्दारी ही मोठी गोष्ट आहे. पण हात पसरणे वेगळे आणि हात वर करणे वेगळे. माझ्या अब्बांचेच उदाहरण देते. ते फार मानी होते. घरात दोन वेळा नुसती खिचडी झाली तरी त्यांनी शेजाऱ्याकडे उसने मागितले नाही. पण माग बिघडला की तेच अब्बा शेजारच्या मागावरच्या कारागिराला मोठ्याने हाक मारीत, "जरा देखना भाई, धागा क्यों टूट रहा है?" रात्रीचे दोन वाजले असले तरी मारीत. तेव्हा त्यांची खुद्दारी आड येत नसे. कारण साधे होते. माग थांबला की कापड थांबते आणि मजुरीही थांबते. बिघाड स्वतः शोधता येतो, पण शोधता शोधता पाळी संपून जाते. उद्या त्या शेजाऱ्याचा माग अडला की अब्बा उठून जात. याला कोणी भीक म्हणत नाही. याला कारखान्याचा रिवाज म्हणतात.

तुमचाही माग अडतो. फरक इतकाच की मागाची खडखड थांबली तर सगळ्यांना कळते. वहीसमोर बसलेला मुलगा अडला तर कोणालाच ऐकू येत नाही. त्याने स्वतःच सांगावे लागते.

तुम्ही म्हणाल, विचारूनही कोणी सांगितले नाही तर? हा प्रश्न योग्य आहे, कारण असे होते. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९१३ साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कार्यालयात कारकून होते. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. गणित सोडून बाकीच्या विषयांकडे लक्ष न दिल्यामुळे ते कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले होते. त्यांनी शोधलेल्या सूत्रांनी वह्या भरल्या होत्या, पण ती सूत्रे बरोबर आहेत की नाहीत, नवी आहेत की जुनी, हे सांगू शकणारा माणूस त्यांना जवळपास भेटेना. त्यांनी इंग्लंडमधील केंब्रिजच्या गणितज्ञांना पत्रे लिहिली. दोघांकडून काही मदत मिळाली नाही. दोन मोठ्या माणसांनी दाद दिली नाही, तेव्हा तुम्हीआम्ही काय केले असते? वही मिटली असती. रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी तिसऱ्याला पत्र लिहिले. त्यांचे नाव जी. एच. हार्डी.

त्या पत्राची सुरुवात मला फार आवडते. मी पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहे, माझा पगार वर्षाला वीस पौंड आहे, माझे विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, असे त्यांनी सरळ सांगून टाकले. काही लपवले नाही, उगाच रडगाणेही गायले नाही. पुढे आपली सूत्रे लिहिली आणि सल्ला मागितला. आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. रामानुजन यांचे त्या वेळचे इंग्रजी पाहता ते पत्र पूर्णपणे त्यांच्या एकट्याचे नसावे, असे हार्डी यांनी पुढे नमूद केले. म्हणजे मदत मागण्याचे पत्र लिहितानाही त्यांनी कोणाची तरी मदत घेतली असावी! पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. १९१४ साली रामानुजन इंग्लंडला गेले आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १९२० साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. तिसरे पत्र लिहायला त्यांनी आणखी काही वर्षे लावली असती तर काय झाले असते, याचा विचार करा.

त्या पत्रावरून एक गोष्ट ध्यानात येते. विचारण्याआधी त्यांनी स्वतःचे काम करून ठेवले होते. "मला गणित येत नाही" असे कोणी म्हटले तर मी त्याला काय सांगू? पण "मॅडम, तिसऱ्या ओळीपर्यंत समजले, चौथ्या ओळीत हा २ कोठून आला?" असे विचारले तर अर्ध्या मिनिटात सांगता येते. सांगणाऱ्यालाही आनंद होतो. दुसऱ्याच्या वहीतून सगळे गणित उतरवून घेणे, याला मी मदत म्हणत नाही. त्यात विचारणाऱ्याचा फायदा नाही आणि देणाऱ्याचा मानही नाही.

आता मराठीच्या भीतीबद्दल. बँकेत, एस. टी. च्या चौकशी खिडकीवर, तहसील कचेरीत जे शब्द लागतात ते जरा मोजून पाहा. अर्ज, तारीख, मुदत, मंजूर, नामंजूर, नक्कल, सही, कागद, हजर, मदत. यांतला कोणता शब्द तुम्हांला परका वाटतो? हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीचेच झाले. तुम्ही कचेरीत जाल तेव्हा तुमचे निम्मे शब्द तुमच्या आधीच तेथे पोहोचलेले असतील. मात्र सावध राहा. काही शब्दांनी येथे आल्यावर अर्थ बदलला आहे. 'रजा' म्हणजे येथे सुट्टी. 'राजीनामा' म्हणजे तडजोड नव्हे, नोकरी सोडल्याचे पत्र. 'हरकत' म्हणजे हालचाल नव्हे, आक्षेप. 'दाखल्या'ची गोष्ट तर मी सांगितलीच. शब्द ओळखीचा वाटला तरी वाक्य जुळत नसेल, तर विचारावे.

आणि कचेरीत विचारणे म्हणजे कोणाचे उपकार घेणे नव्हे. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल आणि ती देण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, हे कार्यालयाने फलकावर लावले पाहिजे. सेवा वेळेत मिळाली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. तेव्हा खिडकीसमोर मान खाली घालून उभे राहू नका. "साहेब, या अर्जासोबत कोणकोणती कागदपत्रे जोडायची?" एवढे वाक्य पाठ करा. लिंग चुकले तर चुकू द्या. कागद मिळाल्याशी काम.

हसणाऱ्यांबद्दल मला जरा राग आहे. वर्गात कोणी विचारले आणि बाकीचे हसले, तर त्या हसण्याने एकाच मुलाचे तोंड बंद होत नाही. जे विचारणार होते त्या सगळ्यांचे होते. यात आम्ही शिक्षकही दोषी असतो. मी नवी नवी शिकवायला लागले तेव्हा एका मुलीने प्रयोगाबद्दल काही विचारले. मला धडा संपवायची घाई होती. मी म्हटले, "कालच शिकवले ना? लक्ष कोठे होते?" त्या मुलीचा हात पुन्हा वर आला नाही. वार्षिक परीक्षेत प्रयोगाच्या प्रश्नाची जागा तिने कोरी सोडली होती. उत्तरपत्रिकेतली ती कोरी जागा तिची नव्हती, माझी होती. दुसऱ्या वर्षी ती माझ्या वर्गात नव्हती, तरी मी तिला बोलावून माफी मागितली. ती इतकी गोंधळली की माफी मागणे म्हणजे काय चालले आहे, हे तिला समजेना!

अभ्यासापेक्षा मोठ्या गोष्टीही असतात. कोणी तुम्हांला धमकावत असेल, मारत असेल, नको तसा स्पर्श करीत असेल. किंवा अठरा वर्षांच्या आत एखाद्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असतील, तर तेथे भीड ठेवू नका. अम्मीला सांगा, शिक्षकांना सांगा. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. मुलांसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. हा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवा. अशा वेळी वाक्य शुद्ध असण्याची काही गरज नाही. उर्दूत सांगा, हिंदीत सांगा, रडत सांगा.

आपाची मुलगी यंदा अकरावीला गेली. तिच्याही अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागणार होता. मी सुट्टी काढून बरोबर येते म्हटले, पण आपा थांबली नाही. मुलीला घेऊन ती स्वतःच गेली आणि तेथल्या माणसाला तिने विचारले, "भाऊ, उत्पन्नाची दाखला कुठे भेटते?" तो हसला. हसला, आणि कोणता अर्ज घ्यायचा, कोणती कागदपत्रे लावायची, हे त्याने एका कागदावर लिहून दिले. संध्याकाळी तिचा फोन आला. मी विचारले, "हसला तेव्हा तुला वाईट नाही वाटले?"

ती म्हणाली, "हँसा तो हँसा. लिख के तो दिया ना?"

दाखला मुदतीच्या आत मिळाला.